टेकडीवरची अकरा झाडं

नागपूर, ३ ऑगस्ट २०२५

ती. रुपरावमामांस भूमिकाचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र. आपल्या त्या पांढऱ्या फुलाच्या, जगात दुसरीकडे कुठेच न सापडलेल्या वीतभर झाडावरचा माझा लेख पुरस्काराच्या शेवटच्या तीन लेखांत आला आहे. रानात फिरून, वाळवलेल्या वनस्पती तपासून केलेल्या संशोधनाला आम्हा वनस्पती अभ्यासणाऱ्यांत याहून मोठा मान नाही.

माझी लेक खुशी पोटात असताना मी अंथरुणाला खिळले होते, तेव्हा नमुने तुम्हीच गोळा करून, वाळवून पाठवले. हे मी सगळ्यांना सांगत असते. आता २२ तारखेला परीक्षक ते झाड जागेवर पाहायला येणार आहेत. लेखात जागा दिली आहे ती तुमच्या शेताखालच्या नाल्याचा काठ. तेवढं बकऱ्यांपासून सांभाळा.

माया आहे तशीच राहू द्या.

भूमिका


टेंभुरखेडी, ता. नरखेड
८ ऑगस्ट

चि. भूमिकेस अनेक आशीर्वाद.

बाई, नाल्यावर ते झाडच नाही वं. तीन दिवस गुडघाभर चिखलात फिरून राहिलो. शेवटी मागच्या टेकडीवर गेलो, तर दगडाच्या फटीत उभे दिसले. मोजून अकरा.

मंग सारं आठवलं. तू सांगितलं तसे मी वाळत दाबून ठेवलेल्या झाडाखालचे ओले पेपर रोज बदलत होतो. कोणतं झाड कुठून आणलं, त्याचा आकडा पेपरावरच लिहिला होता. एक दिवस तो नव्या पेपरावर उतरवायच्या आधीच सूनबाईनं, कामिनीनं, ओले पेपर चुलीत घातले. दोन झाडाचे आकडे मी अंदाजानं टाकले, अन् टेकडीचं झाड नाल्याचं झालं. तुले काहून नाही सांगितलं, तर लाज वाटली. तू म्हणशील, मामाले एवढंही जमत नाही.

आता घोर नको करू. एकाचं मूळ फटीत पार रुतलं आहे, ते सोडून बाकीचे दहा दोन दिवसात काढून नाल्यावर लावून देतो. साहेबाले काय समजते.

मामाचा जीव तुह्यापाशीच आहे.

रुपराव


नागपूर, १३ ऑगस्ट

ती. मामांस नमस्कार.

एकाही झाडाला हात लावू नका. कामिनीवहिनी माहेरी आहे, तिचा फोन लागत नाही. खुशी तापाने फणफणली आहे, नाहीतर मीच एसटीत बसले असते. म्हणून हे स्पीड पोस्टाने टाकते.

खरं सांगू? तुमचं पत्र वाचून आधी हायसं वाटलं. दहा झाडं लागली की सुटलो, असंच मनात आलं. मग स्वतःचीच शरम वाटली. जागा डोळ्यांनी न पाहता छापली मी, तेव्हा चूक माझीच. काल समितीला सगळं कळवून नाव मागे घेतलं. सात वर्षं राबले, त्यावर पाणी पडलं. तुमच्यावर चिडलेही आहे, खोटं कशाला बोलू.

पण परीक्षक म्हणाले, पुरस्काराचं राहू द्या, या जगात अकराच असतील तर ती पाहायलाच हवीत. ते २२ला टेकडीवर येतील. मीही येईन.

रागावले तरी तुमचीच,

भूमिका


टेंभुरखेडी, १७ ऑगस्ट

चि. भूमिकेस,

तुही चिठ्ठी काल पोचली. मी दहा तारखेलेच झाडं लावून बसलो होतो. फटीतून काढताना अर्धे मुळं तुटले. वरून दोन दिवस पाणी पडलं, नाला भरून वाहिला. काही वाहून गेले, उरले ते सडले. दहाच्या दहा गेले, बाई.

टेकडीवर एक उरलं. त्याचं मूळ निघत नव्हतं म्हणून सोडलं होतं, नाही तर तेही गेलं असतं. सकाळपासून अंधार पडेपर्यंत काठी घेऊन तिथंच बसून राहतो.

पुरस्कार गेला, तो तू आपल्या हातानं सोडला. झाडं माह्या हातानं गेले. बावीसले ये. साहेबासमोर मामा म्हणून मले पाठीशी घालू नको. बोट दाखवून सांग, यानं उपटले.

आशीर्वाद लिहाची हिंमत होत नाही, तरी लिहितो.

रुपराव