ताईची एकवीस हजार पावलं

३ जून

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्याकडे आहे तसाच पावलं मोजायचा पट्टा मलाही पाठवलास, तो पोचला. मनगटावर गिऱ्हाइकांच्या कापडात अडकतो, म्हणून घोट्याला बांधलाय. आईला स्तनाचा कॅन्सर झाला होता, तेव्हा तुम्ही दोघींनी वजन आटोक्यात ठेवा, रोज चाला, ताटात भाज्या वाढवा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ते मी मनावर घेतलंय. त्यानं धोका कमी होतो, पार जात नाही, म्हणून मॅमोग्राफीची तपासणीही करा म्हणाल्या, ते मात्र मी ऐकलंच नाही असं समज. पैज कबूल: महिनाभरात जिची पावलं कमी, तिनं तपासणीला आधी जायचं. कालची माझी एकवीस हजार.

लोभ असावा, साखर नसावी.
तुझी ताई

८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हरले बाई. वाचनालयात एकेक पुस्तक वेगळं उचलून कपाटात नेऊन ठेवते, तरी नऊ हजारांवर जात नाही. वाचकांना वाटतं, हिचं काहीतरी बिनसलंय. काकडी खाऊन खाऊन तोंडाची चव गेली. पैजेप्रमाणे तपासणीला गेले. आत बोलावेपर्यंत बाहेर इतक्या येरझारा घातल्या, की त्या आधी घातल्या असत्या तर पैज मीच जिंकले असते. मशीन जरा दाबतं, एवढंच. रिपोर्ट चांगला आला. बाहेर येऊन रडले मात्र. आता तुझा नंबर.

लोभ वाढावा, वजन नको.
तुझी बबडी

१२ जुलै

चि. बबडीस,
आशीर्वाद.

रिपोर्टचं वाचून जीव भांड्यात पडला, आणि मग लाज वाटली. माझं शिलाई मशीन पायाचं. दिवसभर बसल्या जागी पाय हलतो आणि पट्टा मोजत राहतो. पहिल्या दिवशी चुकून झालं, नंतर मुद्दाम. रविवारी दुकान बंद, तेव्हा चारशे भरतात, तीही फ्रिजपर्यंतची. तपासणीच्या नुसत्या नावानं माझी पाचावर धारण बसते गं. थोरली असून तुला पुढे ढकललं. रागाव, पण अबोला धरू नकोस.

तुझी खोटारडी ताई

१८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

‘शांतता राखा’ या पाटीखाली बसून मोठ्यानं हसले. तुझ्या एकवीस हजारांच्या मागे धावून माझं दोन किलो वजन उतरलं, तेव्हा तुला माफ. पावलं मात्र सगळी बाद.

मंगळवारी दहाची वेळ तुझ्या नावानं घेतलीय. मी सकाळीच येते, दवाखान्यापर्यंत दोघी चालत जाऊ. भीती वाटली तर माझा हात धर, मीही तुझा धरीन. तुझ्याऐवजी या वेळी मशीनला पाठवता येणार नाही.

लोभ आहेच, पट्टा मनगटावर बांध.
तुझी बबडी