पाठ दक्षिण तटावर, दवाखाना उत्तर तटावर

मुक्काम : नर्मदेचा दक्षिण तट, ग्वारीघाटाच्या अगदी समोर
पौष शुद्ध चतुर्थी

तीर्थरूप भय्यासाहेब यांच्या चरणी,

श्रीरंगाचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण आठांपैकी चार अंगे सध्या वैद्यकीय रजेवर आहेत आणि उरलेली चार तुमच्या धाकट्या बहिणीच्या परवानगीशिवाय हलत नाहीत. तेव्हा अर्धा नमस्कार आत्ता स्वीकारावा, बाकीचा पाठ सरळ झाल्यावर पोचता करीन. तुमची साखर, विनतावहिनींचे गुडघे आणि नागपूरची थंडी ही तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे.

प्रथम एका गंभीर विषयाला हात घालतो. दोन वर्षांपूर्वी तुम्ही आमच्याकडून शेकायची रबरी पिशवी नेली होती. ती तुम्ही धुऊन, वाळवून, वर आभाराची चिठ्ठी टाचून परत केलीत. बूच मात्र परत आले नाही. आता आम्हां न्यायशास्त्र शिकलेल्यांपुढे असा प्रश्न उभा राहतो की जिच्यात पाणी राहत नाही तिला पाण्याची पिशवी म्हणावे काय? आणि म्हणू नये, तर मग तुम्ही आम्हाला नेमके काय परत केले? हेमलता शास्त्रात शिरत नाही. तिने त्या तोंडात आधी बटाटा बसवून पाहिला, मग गाजर. गाजर बसले. पण पाणी उकळते असल्याने अर्ध्या तासात गाजर शिजते आणि मी कमरेखाली सूप घेऊन निजलेला असतो. एवढ्यावरून वैर धरणाऱ्यांतला मी नाही. केवळ नोंद असावी म्हणून लिहिले.

आता खुशाली. आमच्या घरगाडीला तुम्ही ओळखताच. तीस वर्षे कारखान्यात लष्करी ट्रक चालवून तपासलेला माणूस म्हणून लिलावाच्या दिवशी मी तुम्हालाच घेऊन गेलो होतो. त्या म्हाताऱ्या रुग्णवाहिकेचे बॉनेट उघडून, कान लावून तुम्ही निकाल दिलात, "इंजिन अजून दहा वर्षं जाते श्रीरंगराव, मालकाचं पाहून घ्या." (मालकाचा मणका तेव्हाही संशयास्पदच होता, चौथी आणि पाचवी गादी एकमेकींशी बोलत नव्हत्या.) मी शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, स्ट्रेचर काढून तिथे पलंग बसवला, सलाइनच्या हुकांना कढई आणि झारा टांगला, आणि तीन वर्षांत आम्ही दोघांनी तिच्यातून ओरछा पाहिले, पचमढी पाहिली, कोकणापर्यंत जाऊन आलो. कपाळावरची रुग्णवाहिकेची उलटी अक्षरे दोनदा रंगवूनही उन्हात दिसतातच, त्यामुळे लोक वाट देतात, आणि कुठे थांबलो की कोणी तरी दंड पुढे करून रक्तदाब मोजायला उभा राहतो. हेमलताने शेवटी यंत्र विकत घेतले. आता त्या गाडीत जिथे स्ट्रेचर होते तिथेच मी आठ दिवस आडवा आहे. गाडीला तिचा मूळ धर्म परत मिळाला. धर्मांतर फक्त माझे झाले.

झाले ते असे. यंदा नर्मदेची परिक्रमा गाडीतून करायची हा हट्ट माझा. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि समुद्र येईपर्यंत ती ओलांडायची नाही, हा नियमही हेमलताला मीच समजावून सांगितला, तोही उदाहरणांसह. आपल्या काठाने निघालो, अमरकंटकला उगमाला वळसा घातला आणि दक्षिण तटाने परत उतरत आलो. या मार्गाचा एक विशेष मी संकल्प सोडताना नीट ध्यानात घेतला नव्हता. तो असा की तीन आठवडे प्रवास करून माणूस पुन्हा आपल्याच गावासमोर येतो, फक्त चुकीच्या काठावर. गुरुद्वाऱ्याच्या अलीकडे आम्ही गाडी लावली. समोर ग्वारीघाट. संध्याकाळी आरतीचे दिवे दिसतात, घंटा ऐकू येते, आणि वारा नीट असला तर भज्यांचा वासही.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. खिचडीसाठी भाजलेल्या शेंगदाण्यांतला एक दाणा खाली पडला. मी गाडीबाहेर, नदीकडे तोंड करून तो उचलायला वाकलो आणि तसाच राहिलो. नव्वद अंशाचा कोन, दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळ्यांसमोर तो दाणा. इतक्यात परिक्रमावासींचा एक जथा आला. त्यांना वाटले, कोणी महात्मा मैयाला वंदन करत आहेत. "नर्मदे हर!" झाले. मीही खालूनच "हर!" म्हणालो, कारण दुसरे काही म्हणायला श्वास उरला नव्हता. एका आजीबाईंनी माझ्या पायांवर डोके ठेवले. दुसऱ्या कोणी गळ्यात झेंडूची माळ घातली, ती गळा आडवा असल्यामुळे सरळ कानांवर येऊन थांबली. एक काका हेमलताला हळूच म्हणाले, "महाराज कब से झुके हैं?" ती खिचडी हलवत म्हणाली, "सुबह से, और कोई इलाज नहीं." काकांनी हात जोडले. पाऊण तासाने गुरुद्वाऱ्यातल्या दोघा सेवेकऱ्यांनी मला कपाट उचलावे तसे उचलून पलंगावर ठेवले. दाणा मुंग्यांनी नेला.

आता दवाखाना सिविल लाइंसमध्ये, म्हणजे होडीने दहा मिनिटे आणि पुढे रिक्षाने वीस. पण होडीत पाय ठेवला की परिक्रमा मोडली. मी पडल्या पडल्या विचार केला. झोपेत असताना दुसऱ्यांनी पलीकडे नेले तर ओलांडणारा कोण, मी की नेणारे? आडवा मनुष्य 'जातो' असे म्हणता येते की तो फक्त 'नेला जातो'? घाटावरच्या पंडितजींना फोन लावला, तर ते म्हणाले, "गुरुजी, आप तो खुद संस्कृत के आदमी हैं," आणि फोन ठेवला. इतका अपमान मला तीस वर्षांत विद्यार्थ्यांनीसुद्धा केला नव्हता.

मार्ग काढला तो हेमलताने. मी ओलांडायचे नाही, पण डॉक्टरीणबाईंनी ओलांडायला कोणाची हरकत आहे? तेव्हा दीक्षितपुऱ्याची प्रणोती, माझीच एके काळची विद्यार्थिनी, आता व्यायामाची आणि मणक्याची डॉक्टर, रोज सकाळी होडीने येते. तिला संस्कृतात नेहमी पासापुरतेच गुण मिळाले आणि ती त्याची वसुली करून राहिली आहे असा माझा समज आहे. "सर, काहून हलून राहिले तुम्ही? मी बोलली न, पडे रहो!" असे ती म्हणते आणि माझा गुडघा माझ्याच कानाकडे घेऊन जाते. काल म्हणाली, "चलो, आता नदीपर्यंत चालून दाखवा." मी गेलो आणि आलो. हेमलताने टाळ्या वाजवल्या नाहीत, पण चहात आले जास्त घातले.

एवढ्यात पुण्याहून चिरंजीव अंबरीश यांचा आदेश आला. "बाबा, अब बस. तुम्ही घरी जा, गाडी विकून टाकू." एवढ्यावर न थांबता त्याने विक्रीच्या संकेतस्थळावर तिचे फोटो चढवले. कटनीचा एक केटरिंगवाला विचारूनही गेला. कढईचे हूक त्याला फार आवडले. म्हणजे मी पलीकडे गेलो की गाडी गेली, आणि गाडी गेली की मी सिविल लाइंसच्या गच्चीवर तुळशीला प्रदक्षिणा घालणारा निवृत्त मास्तर. म्हणून ठरवले आहे : पाठीने आणखी चार दिवस दिले की इथूनच पश्चिमेला निघायचे. काळजीचे कारण नाही. पत्र प्रणोतीच्या हाती होडीने पाठवतो, कारण पत्रांना नदी ओलांडायला बंदी असल्याचे माझ्या वाचनात नाही.

वहिनींना नमस्कार. तुम्हाला वर म्हटल्याप्रमाणे अर्धाच.

तुमचा,
श्रीरंग

ता. क. : बुचाची घाई नाही. जाडजूड गाजरांचा हंगाम आहे.

(हेमलताच्या अक्षरात :) दादा, खिचडी जळली ते यांनी लिहिलेलं नाही. यांना पलंगावर ठेवल्यावर दोन तास मी यांच्याकडे बघत बसले होते, म्हणून जळली. बाकी सगळं खरं आहे. तू काळजी करू नकोस. हेमा.

आणखी ता. क. : इथवरचे तिने वाचले आहे. आता ती घाटावर कपडे धुवायला गेली आहे आणि मी हा वेगळा कागद घडीत सरकवतो आहे. गाडी चौदा फुटांची. फोनवर कुजबुजलो तरी ती चुलीजवळून उत्तर देते. म्हणून लिहितो.

भय्यासाहेब, तुम्ही या. गाडी चालवायचा परवाना घेऊन या. आल्यावर म्हणा की तुम्हालाच परिक्रमा करायची आहे. ती तुमचे ऐकते. मग पश्चिमेकडे चालवायची की तिलवाऱ्याच्या पुलावरून सरळ दवाखान्यात, ते मला पाहून तुम्ही ठरवा. माझ्यावर सोपवू नका. मी दोन्ही बाजूंनी वाद घालू शकतो आणि दोन्हींकडे जिंकतो.

शेंगदाण्याचा काही दोष नाही. माझे डावे पाऊल त्याच्या आधीपासून बधिर आहे. प्रणोती रोज टाचणी टोचून "कळतंय का सर?" विचारते, मी तिचा हात बघून वेळेवर "हो" म्हणतो. "नाही" म्हटले तर ती त्याच होडीत घालून नेईल हे मला ठाऊक आहे.

अमरकंटकाहून उतरताना एका चढावर गाडी थांबवली होती. परत निघताना क्लचवर पाय आहे असे मी समजत होतो, तो नव्हता. गाडी बंद पडली आणि मागे सरकू लागली. ब्रेक लागेपर्यंत मागचे चाक कडेच्या दगडाला टेकले होते. मी हँडब्रेक ढिला असल्याचे सांगितले. हेमलता शेजारी बसून वाटाणे सोलत होती. मागे दरी किती जवळ होती ते तिला दिसले नाही, मला आरशात दिसत होते.

मला भीती वाटते.