ओटीपी आला, जेवलास का?

वर्सोवा,
रविवार

प्रिय हिल्डाबाय,

हे मुद्दाम कागदावर लिहितोय. कागद माझी जन्मतारीख विचारत नाही.

लग्न होऊन तू मुलुंडला गेलीस त्याला चार महिने झाले. मागच्या रविवारी फोनवर हसत म्हणालीस, “डेन्या, माझा नंबर काढ रे आता सगळीकडून. रिचर्ड विचारतो, हा तुझा भाऊ आहे की कॉल सेंटर?” मीही हसलो. भावजींचं बरोबरच आहे.

या ओटीपींची सुरुवात झाली तेव्हा घरात फोनच एक होता, तुझा. नंतर माझा आला, पण कुठे नाव नोंदवायचं म्हटलं की स्वतःचा नंबर द्यायला हात धजत नसे. कोण कुणाला विकेल, काय सांगावं! तुझा मात्र बिनधास्त द्यायचो. मग कामावरून तुझा फोन: “चार, नऊ, नऊ, दोन. आता कशात नाव घातलंस बाबा? जेवलास का? मम्मीचा गुडघा कसा आहे?” गुडघ्यावरून बोलणं सुक्या बोंबलांवर जाई, तोवर ओटीपीची मुदत संपे. मग दुसरा मागवायचा. तू परत फोन करायचीस.

आता सगळीकडे माझा नंबर घातला. गॅस, मम्मीची औषधं, बर्फाच्या कारखान्यातलं हजेरीचं ॲप. कॅलेंडरच्या पाठी यादी केली होती, एकेक खोडत गेलो. एका नव्या ॲपच्या अटी शेवटपर्यंत वाचल्या, तर ‘गोपनीयता’मधला ‘नी’ ऱ्हस्व! तिथेच बंद केलं. ज्यांना तो शब्द लिहिता येत नाही ते माझी माहिती काय सांभाळणार? ही खोड तुझीच. आठवीत माझी शाळा सुटली, पण शुद्धलेखन तू सुटू दिलं नाहीस. आता ओटीपी माझ्याच हातात येतो. अर्ध्या मिनिटात काम होतं, आणि मग घर एकदम गप्प.

एका ठिकाणी मात्र तुझाच नंबर आहे. परवा तुला ओटीपी आला तो गॅसचा नव्हता, मी थाप मारली, माफ कर. मी दहावीला बसतोय, बाहेरून. सतरा नंबरचा फॉर्म भरला. मम्मीलाही सांगितलेलं नाही. नाव, जन्मतारीख, आधार, सगळं तीनदा तपासलं आणि मोबाईलच्या रकान्यात तुझा नंबर लिहिला. चुकून नाही. पास असो, नापास असो, जो काही निरोप येईल तो आधी तुला येऊ दे. मेसेज पुढे ढकलू नकोस, फोन कर. भावजींना सांग, एवढा एकच राहिलाय.

तुझाच,
डेनिस