बांबूचा कोळसा, एकोणनव्वद टक्के

३ मार्च
संचालक काँगबाईंनी बोलावलं. म्हणाल्या, "तेंगमास्तर, दोन वर्षं झाली. मेअखेर तुमचा बांबूचा कोळसा सोडियम बॅटरीत चालला तर ठीक, नाहीतर विभाग बंद." हो म्हणालो. काही वाटलं नाही. अनुभवी माणसाला वाटत नसतं.
निश्चय : प्रत्येक घाणा भट्टीआधी ॲसिडमध्ये पूर्ण बारा तास धुवायचा.

११ मार्च
पहिला घाणा भट्टीत. दोनच तास धुतला. लॅबमधली याछिन म्हणाली, "मास्तर, बांबूतली राख अशी जात नाही." आमच्या फूच्येनच्या डोंगरातला बांबू मुळातच स्वच्छ. ती शहरातली, तिला काय कळणार.

१९ मार्च
पहिल्या चार्जला शंभर भाग सोडियम कोळशात गेलं, अठ्ठावन्न परत आलं. दोष हवेतल्या ओलाव्याचा.

८ एप्रिल
एकसष्ट. दिशा बरोबर आहे. धुणं चार तास. मध्येच जेवणाची सुट्टी झाली.

२२ एप्रिल, दुपारी ३
एकोणनव्वद! चाचणीच्या निकालांच्या यादीत स्वतः वाचलं. याछिन नेमकी रजेवर. काँगबाईंनी लगेच बॅटरीवाल्या गिऱ्हाइकाला फोन लावला. मी गावी धाकट्या भावाला, क्वोत्साईला लावला. तो म्हणाला, "दादा, चॉपस्टिकवाले सगळा बांबू मागतायत. त्यांना नाही म्हणू?" म्हटलं, नाही म्हण, अख्खा डोंगर तोड.
आनंद व्हायला हवा होता. उद्या होईल.

२५ एप्रिल
याछिन आली. यादी बघून म्हणाली, "मास्तर, ही ओळ तुमची नाही. हा विकतचा, नारळाच्या करवंटीचा. तुलनेसाठी मीच लावला होता. तुमची खालची."
खालची : साठ. म्हणजे मागच्यापेक्षा एकच कमी.
काँगबाई ओरडल्या नाहीत. "गिऱ्हाइकाला मी सांगते," एवढंच.
भावाला उद्या सांगीन.

२९ एप्रिल
डोंगरात रेंज नसते, म्हणून मेसेज केला : हवा कशी आहे? उत्तर आलं : मस्त, तोड जोरात.

६ मे
सकाळी फाटकाशी तीन ट्रक. पुढच्यातून क्वोत्साई उतरला. "दादा, डोंगर बोडका केला! बाकीचे मागून येतायत. कुठं उतरवू?"
मी याछिनकडे पाहिलं. याछिननं त्याला बाजूला नेऊन सांगितलं. तो परत आला. "तुला कधीपासून माहीत होतं?"
पंचवीस तारखेपासून, म्हणालो.
तो केबिनमध्ये चढला. गल्ली अरुंद, ट्रक वळेनात. मी मागं उभा राहून हातानं खुणा केल्या. तिन्ही नीट निघाले.