अकरा किलोची बाहुली

मंगळवार, ३
आज हसले. कामावर! हॉलमध्ये नवीन प्रदर्शन लागलंय. बायकांच्या ताकदीचं, असं खिडकीवाल्या काकू म्हणाल्या. त्या तिकिटं देतात, मी पुसते. पुतळेच पुतळे! एका बाईनं अख्खं घर डोक्यावर घेतलंय, आणि घराच्या खिडकीतून नवरा विचारतोय, "माझे मोजे कुठंयत?" दुसरी सिंहाच्या पाठीवर पाय टाकून वाटाणे सोलत बसलीय. सिंहाच्या तोंडात टरफलांची टोपली. बिचारा!

माझी चिमी असती तर त्याच्या शेपटीला लोंबकळली असती.

ताईकडे ठेवलीय. पाच महिने झाले तिला कडेवर घेऊन.

बुधवार, ४
ताईचा फोन. चिमीला बालवाडीत घालायचंय. "आई म्हणून माझंच नाव लावते. पोरीला रोज सांगत बसू का, मी मावशी, ती आई?" मग म्हणाली, "हे बघ, नवरा गेला टाकून. तू दिवसभर कामावर. एक हात फडक्याला, एक पोरीला — जमणारे का तुला? रविवारपर्यंत सांग."

ताई वाईट नाहीय. तिला मूल नाही.

मागून चिमी ओरडली, "आई, भूक!" मी पटकन "ओ" म्हणाले. तिनं मला हाक मारलीच नव्हती.

गुरुवार, ५
हॉलच्या मधोमध एक वजनकाटा आहे, त्यावर कापडी बाहुली. अकरा किलोची! उचलली की वरचं घड्याळ सुरू होतं, ठेवली की थांबतं. सगळ्यात जास्त वेळ जो धरेल त्याचा आकडा लाल दिव्यात राहतो. नुसती धरायची नाही. कडेवर घेऊन एका हातानं बटणं लावायची, बादली न्यायची.

आज एक जण आला, दंडाच्या बेडकुळ्या दाखवत. चौथ्या मिनिटाला घामाघूम! "अरे हिला झोपवा कुणीतरी!" सगळे खो खो हसले. मीपण, दाराआडून.

लाल आकडा एकोणीस मिनिटं.

शुक्रवार, ६
ताईला काय सांगू. हो म्हणायची भीती, नाही म्हणायची पण.

शनिवार, ७
मेले आज!

सकाळी हॉलमध्ये एकटीच. काट्यावरची धूळ पुसायला बाहुली उचलली. हात आपोआप गेला, कडेवरच घेतली. तिची मान माझ्या खांद्यावर पडली. मग मला भानच नाही. तशीच पुसत गेले. फरशी, जिना, वरच्या काचा. तिला सांगत होते, "हा बघ सिंह. घाबरू नको, मी आहे ना."

ठेवली तेव्हा वर बघितलं — एक तास सव्वीस मिनिटं. लाल! फडकं मारलं तरी जाईना.

दुपारी प्रदर्शन मांडणारी बाई आली. "घड्याळ बिघडलं का?" मला रडूच फुटलं. "मॅडम, चुकून झालं. कामावरून काढू नका." ती आकड्याकडे बघतच राहिली.

"तेवढ्या वेळात काय काय केलंत?"

सांगितलं.

"दोन्ही मजले? एका हातानं?"

"जिन्यात कड बदलली," म्हणाले. खोटं कशाला बोलू.

ती हसली नाही. म्हणाली, "आकडा राहू दे. मी उचलली होती तेव्हा नऊ मिनिटांत ठेवली."

ती गेल्यावर काकू म्हणाल्या, "अगं, तुझी स्वतःची कुठंय?" आजवर कुणी विचारलं नव्हतं. सगळं सांगितलं. काकू नाक पुसत म्हणाल्या, "आण तिला. बसेल माझ्या खुर्चीमागे. साहेबांनी विचारलं तर सांगू, प्रदर्शनातली आहे."

रविवार, ८
फोन नाही केला. सुट्टी टाकली, पहाटेच्या गाडीनं गेले. ताई भांडली, मग रडली, मग पिशवी भरून दिली. एकेक कपडा धुतलेला, घडी केलेला.

आता खोलीवर आलोय. चिमी डाव्या कडेवर, उजव्या हातानं लिहितेय. तेरा किलो तरी असेल. "आईकडे जायचं, आईकडे जायचं!" ताईसाठी रडतेय. मला बुक्क्या मारतेय.

मारू दे. खाली नाही ठेवणार.