न कळवता

१३ नोव्हेंबर २००५, बेस्ट (नेदरलँड्स)

इतके आठवडे लिहिलं नाही, चुकलंच.

मिलिंदला, धाकट्या भावाला, कॅन्सस सिटी सोडून टोरांटोला जायचा आग्रह मीच केला होता. कॅन्ससला सगळे हसून बोलायचे, पण घरी कुणी यायचं नाही. म्हणून तो दर रविवारी फोनवर माझ्याशीच तासभर बोलायचा. तो गेला खरा, पण नव्या शहरातही तेच झालं तर? आज दोन मिनिटांतच म्हणाला, "दादा, ठेवतो. शेजारचा कोरियन आलाय, न कळवता! चहा मागतोय लेकाचा."

न कळवता! इथे तर कॉफीलाही आधी तारीख ठरते. एका शेजाऱ्यावरून शहर ठरवू नये, कळतं. आग्रह माझा होता म्हणून बरं वाटतंय का? असेल. तरी हलकं वाटलं.

उद्या: आईला सांगायचं, मिलिंद आता फोन लवकर ठेवतो.