बाबांच्या फोनवरून गेलेलं हार्ट

दादा,

काल तुला बाबांच्या फोनवरून हार्ट आलं, ते मी पाठवलं. म्हणजे पाठवलं नाही, गेलं. बाबांच्या चष्म्याच्या दुकानात वाढलेल्या माणसाला डागाळलेली काच बघवत नाही, तुला ठाऊक आहे. फोन उघडला तर समोर तू पाठवलेला तुझ्या लेकीचा फोटो, तिच्या नाकावरून घसरलेला चष्मा, आणि फोनच्या काचेवर बाबांच्या अंगठ्याचे ठसे. हात सवयीने फडक्याकडे गेला. दोनदा टिपलं आणि हार्ट उमटलं.

मिनिटभरात तुझा मेसेज आला, "बाबा, राग गेला? उद्याच निघतो."

बाबा शुक्रवारी गेले, दादा. "त्याला कळवायचं नाही," असं त्यांनी मला बजावलं होतं. खरं सांगू? सहा वर्षं त्यांचं सगळं मी एकटीने केलं. तुझ्यावर माझाही राग होता, म्हणून त्यांचा शब्द मला सोयीचा वाटला. तुला मी अजून उत्तर दिलेलं नाही. हे पत्रही पाठवणार नाही. तू एव्हाना गाडीत असशील, आणि अशी बातमी एकट्याने वाचायची नसते.

फोन ज्या खणात होता, तिथेच चष्म्याची एक फ्रेम सापडली, चार-पाच वर्षांच्या मुलीच्या मापाची. पाकिटावर गिऱ्हाइकाचं नाव नाही. नाकावरून घसरू नये म्हणून काड्या कानामागे नीट वाकवलेल्या आहेत.

हार्ट माझ्या हातून गेलं. फ्रेम मात्र त्यांनीच केली आहे.

तुझी धाकटी